भयपटांतल्या जिवावर उठलेल्या गाड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपटांतल्या आणि मालिकांतल्या भीतीदायक गाड्यांबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. काही उत्तरांत कथेचा शेवटही येतो, तेव्हा न पाहिलेल्या चित्रपटाचं नाव प्रश्नात दिसलं तर आधी तो पाहून घ्या.

१. गाडी तर जवळजवळ प्रत्येक भयपटात असते. मग ‘भीतीदायक गाडी’ कुणाला म्हणायचं?

जिच्यापासून पळावं लागतं तिला. जंगलात ऐन रात्री बंद पडणारी गाडी इथे धरलेली नाही, कारण ती फक्त पात्रांना अडकवण्यासाठी येते. इथे विचार केलाय तो तीन तऱ्हांचा: चालक आहे पण दिसत नाही अशी गाडी, चालकाची गरजच नसलेली गाडी आणि मेलेल्यांना न्यायला येणारं वाहन.

तिन्हींच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. रस्त्यावर आपला व्यवहार गाडीतल्या माणसाशी चालतो. समोरचा डिपर देतो, हात बाहेर काढून ‘जा पुढे’ म्हणतो, चौकात नजरानजर झाली की आधी कोण जाणार ते न बोलता ठरतं. तो माणूस काढून घेतला की समोर काही टन लोखंड उरतं, आणि त्याच्या मनात काय आहे ते कळायला काही मार्ग राहत नाही. चांगले दिग्दर्शक नेमकं हेच करतात.

२. एकच पाहायचा असेल तर कुठला पाहू?

‘ड्युएल’ (१९७१). भूत नाही, रक्तपात नाही, घरातल्या सगळ्यांबरोबर बसून पाहता येतो आणि तरी शेवटपर्यंत हाताच्या मुठी वळलेल्याच राहतात. मग ‘ख्रिस्तीन’ (१९८३) आणि त्यानंतर ‘द कार’ (१९७७).

३. ‘ड्युएल’मधला ट्रकवाला शेवटपर्यंत का दाखवला नाही? आम्हाला तर फसवल्यासारखं वाटलं.

तो दाखवला असता तर चित्रपट तिथेच संपला असता. डेव्हिड मान हा साधा विक्रेता कॅलिफोर्नियातल्या ओसाड रस्त्यावर एका जुनाट टँकरला ओव्हरटेक करतो. त्याचा गुन्हा एवढाच. त्यानंतर तो टँकर त्याच्या जिवावर उठतो. का, ते कुणी सांगत नाही. आपल्याला चालकाचे दिसतात ते फक्त पेट्रोल पंपावर ट्रकपलीकडून हलणारे बूट आणि खिडकीतून बाहेर आलेला हात. तो हात मानला ‘ये पुढे’ अशी खूण करतो. मान विश्वास ठेवून पुढे काढतो आणि समोरून गाडी येत असते. रस्त्यावरच्या माणुसकीची एवढी एकच खूण शिल्लक होती, तीही इथे हत्यार होते.

कॅफेतला प्रसंग तर पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. मान आत येऊन बसतो आणि खिडकीबाहेर टँकर उभा दिसतो. म्हणजे चालक आतच कुठेतरी असणार. काउंटरवर ओळीने बसलेल्या माणसांच्या पायांकडे तो बघू लागतो, तर तसे बूट एकाने नाही, अनेकांनी घातलेले. तो मनातल्या मनात तर्क लढवतो, माफी कशी मागावी याची वाक्यं जुळवतो, शेवटी भलत्याच माणसाला जाब विचारतो आणि मार खातो. चेहरा नसला की प्रत्येक चेहरा संशयित होतो, हे इथे एकही भाषण न देता समजतं.

या कथेचा उगम खऱ्या प्रसंगात आहे. लेखक रिचर्ड मॅथेसन २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडींची हत्या झाली त्याच दिवशी, मित्राबरोबर घरी परतत असताना एक ट्रक त्यांच्या गाडीच्या अगदी मागे लागला होता. कथा छापून आली ती १९७१मध्ये, आणि पटकथाही मॅथेसननेच लिहिली.

४. ‘ड्युएल’ टीव्हीसाठी केला होता की थिएटरसाठी? दोन वेगवेगळ्या लांबीच्या प्रती मिळतात.

टीव्हीसाठी. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर तो १३ नोव्हेंबर १९७१ रोजी दाखवला गेला, तेव्हा लांबी ७४ मिनिटं होती. युरोपात थिएटरांत लावण्यासाठी नंतर भर घालून तो ९० मिनिटांचा केला. घरातून गाडी निघतानाची सुरुवात, बायकोशी फोनवरचं बोलणं, मुलांची अडकलेली स्कूल बस आणि रेल्वे फाटक हे सगळं नंतरचं आहे. आज बहुतेक ठिकाणी मोठी प्रत दिसते. मला फाटकाचा प्रसंग हवासा वाटतो. मालगाडी समोरून जात असताना टँकर मागून गाडीला ढकलत राहतो, आणि ब्रेकवर पाय दाबून धरण्यापलीकडे मानच्या हातात काही उरत नाही. फोनवरचं संभाषण मात्र गाळलं तरी चाललं असतं.

५. साधा टँकर इतका जिवंत कसा वाटतो?

सगळ्यात आधी निवडीमुळे. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा २४ वर्षांचा होता. समोर उभ्या केलेल्या ट्रकांतून त्याने १९५५ची पीटरबिल्ट २८१ निवडली, कारण तिच्या पुढच्या भागात त्याला चेहरा दिसला: दुभागलेली काच म्हणजे डोळे आणि लांब बॉनेट म्हणजे नाकाड. मग तिच्यावर तेल, ग्रीस, काजळी चढवली. पुढच्या बंपरवर वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेट ठोकल्या. त्या कुठून आल्या हे चित्रपट सांगत नाही, पण याआधीही असे अनेक डेव्हिड मान होऊन गेले असावेत असं आपल्याला वाटू लागतं. मानची प्लिमथ व्हॅलियंट लालभडक आहे, म्हणजे पिवळ्या-करड्या माळावर कितीही लांबून ती नजरेत भरते.

दुसरी गोष्ट आखणीची. पूर्ण रस्त्याचा वरून पाहिल्यासारखा लांबलचक नकाशा काढून स्पीलबर्गने तो मोटेलच्या खोलीत भिंतींवर लावला होता. कुठल्या वळणावर काय घडणार, ते त्यावर. चित्रीकरण जेमतेम दोन आठवड्यांत उरकलं. ‘बुलिट’ या चित्रपटासाठी वापरलेली बुटकी कॅमेरा-गाडी आणून कॅमेरा जमिनीलगत ठेवला, आणि शक्य तिथे पाठलाग दरडीच्या कडेने घेतला. मोकळ्या माळावर वेग जाणवत नाही, दगडी भिंत शेजारून सरसर मागे गेली की जाणवतो. घाटात गाडी चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट माझ्या फार आवडीची आहे. पहिल्याच पंपावरचा माणूस मानला सांगतो की रेडिएटरचा होज बदलायला झालाय. मान ते टाळतो. पुढे ऐन चढावर तो होज दगा देतो, बॉनेटमधून वाफ, काटा लाल रेघेकडे, वेग कमी कमी होत चाललेला आणि आरशात टँकर मोठा मोठा होतोय. माथा गाठला की गाडी न्यूट्रलवर टाकून उतारावर सोडून देणं एवढंच उरतं. प्रेक्षक खुर्चीत पुढे झुकून गाडीला ढकलत असतो. ट्रक राक्षसी वाटतो याचं अर्धं श्रेय या मरतुकड्या इंजिनला आहे.

आणि आवाज. शेवटी टँकर कड्यावरून कोसळतो तेव्हा एका जुन्या डायनोसॉरपटातली गर्जना वापरली आहे. तीच पुढे ‘जॉज’मध्ये (१९७५) शार्क मरताना ऐकू येते. टँकरवर ‘ज्वालाग्राही’ असं लिहिलेलं असूनही स्फोट होत नाही. तो एखाद्या जनावरासारखा हळूहळू मरतो, आणि तेच योग्य आहे.

६. चालक नसलेली गाडी प्रत्यक्षात चालवतात कशी?

बहुतेक वेळा आत माणूस असतोच. ‘ख्रिस्तीन’मध्ये काचा काळ्या केल्या होत्या आणि आत स्टंट चालक होता. गाडी पेट घेऊन धावते त्या दृश्यातही चालक आत होता, अग्निरोधक पोशाख घालून. ‘द कार’मध्ये काचा इतक्या गडद तांबूस केल्या की आतलं काही दिसू नये. त्या गाडीला बाहेरून दाराच्या मुठीही नाहीत. पहिल्यांदा पाहताना हे लक्षात येत नाही, फक्त काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. दुसऱ्यांदा पाहताना मुठी नसल्याचं दिसतं आणि मग नजर तिथून हटत नाही.

७. ‘ख्रिस्तीन’मधली गाडी आपली आपण दुरुस्त होते, ते १९८३मध्ये कसं केलं? तेव्हा संगणक नव्हते.

उलट करून. गाडीच्या आत हायड्रॉलिक यंत्रणा बसवून पत्रा आतल्या बाजूला खेचला, गाडी चेपत जाताना चित्रित केली आणि ती फिल्म उलट फिरवली. म्हणून चेपलेला पत्रा फुगत, कण्हत पूर्ववत होताना दिसतो. हा खरा पत्रा आहे, त्यावर खरा उजेड पडतो, त्यामुळे चाळीस वर्षांनंतरही ते दृश्य जुनं वाटत नाही. गुंडांनी गाडीचा चेंदामेंदा केल्यावर तिचा मालक आर्नी तिच्यासमोर उभा राहून हलकेच म्हणतो, ‘दाखव मला.’ मग हे सुरू होतं. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने इथे धक्का द्यायचं टाळलंय. प्रसंग प्रेमाचा आहे, आणि त्यामुळेच अंगावर येतो.

८. ख्रिस्तीन ही नेमकी कुठली गाडी? आणि पुस्तकात व चित्रपटात फरक आहे का?

१९५८ची प्लिमथ फ्युरी. जिच्याभोवती आधीपासून दंतकथा नाहीत अशी, लोक विसरून गेलेली गाडी मूळ कादंबरीचा लेखक स्टीफन किंग याला हवी होती. त्या वर्षी फ्युरी फिकट बदामी रंगातच मिळत असे, त्यामुळे चित्रपटातला लाल रंग मुद्दाम दिलेला आहे. खऱ्या फ्युरी पुरेशा सापडेनात म्हणून प्लिमथच्या त्याच बांधणीच्या दुसऱ्या गाड्याही फ्युरी म्हणून रंगवून वापरल्या. पुस्तकातल्या गाडीला चार दारं आहेत, पण खऱ्या १९५८च्या फ्युरीला दोनच असत. चित्रपट इथे पुस्तकापेक्षा वास्तवाच्या जवळ गेला.

मोठा फरक वेगळाच आहे. पुस्तकात गाडीला तिच्या आधीच्या मालकाचं, रोलंड लेबेचं भूत झपाटतं. चित्रपटात ती कारखान्यातूनच तशी बाहेर येते. पहिल्याच दृश्यात डेट्रॉइटच्या कारखान्यात ती एकाचा हात चिरडते आणि एकाचा जीव घेते. मला चित्रपटाचा निर्णय जास्त पटतो. मालकाचं भूत आलं की स्टीअरिंगमागे पुन्हा एक चेहरा येतो (प्रश्न १). चित्रपटाने तोही काढून टाकला.

९. ‘द कार’मधली गाडी कब्रस्तानात का शिरत नाही?

ती सैतानाची आहे आणि पवित्र भूमीत तिला प्रवेश नाही, असा चित्रपटातला तर्क. शाळेच्या संचलनाच्या सरावावर ती चाल करून येते, तेव्हा शिक्षिका मुलांना घेऊन शेजारच्या कब्रस्तानात धावतात. गाडी वेशीवर गरागरा फिरते, धूळ उडवते, पण आत येत नाही. शिक्षिका लॉरेन तिला तोंडाला येईल ते बोलून घेते. नंतर गाडी तिच्या घरातून आरपार जाते. गाडीला राग येतो, ती डूख धरते, हे कळण्याचा तो क्षण.

गाडी बनवली जॉर्ज बॅरिसने, लिंकन कॉन्टिनेंटलवरून. १९६६च्या मालिकेतली बॅटमोबिलही त्याचीच. चित्रपटातली माणसं मला फारशी लक्षात राहिली नाहीत. हॉर्नचा तो उन्मत्त आवाज मात्र डोक्यातून जात नाही.

१०. हा प्रकार मोटारगाड्यांबरोबरच सुरू झाला का?

नाही. मूकपटांच्या काळात घोडागाड्या होत्या. स्वीडनमध्ये १ जानेवारी १९२१ रोजी व्हिक्टर श्योस्ट्रोमचा मृत्युरथाचा चित्रपट प्रदर्शित झाला, सेल्मा लागरलॉफच्या १९१२च्या कादंबरीवर आधारलेला. कल्पना अशी: वर्षाच्या अखेरच्या क्षणी जो मरेल त्याने पुढचं वर्षभर मृत्यूची गाडी हाकायची आणि आत्मे गोळा करायचे. एकाच फिल्मवर दोनदा, कधी त्याहून जास्त वेळा चित्रण करून ती गाडी पारदर्शक केली. बुडालेल्या माणसाला न्यायला ती समुद्राच्या लाटांवरून जाते. शंभर वर्षांपूर्वीची ही करामत आजही शोधून पाहण्यासारखी आहे.

पुढच्याच वर्षी, १९२२मध्ये, जर्मनीत दिग्दर्शक मुर्नाउने ‘नोस्फेरातू’मध्ये रक्तपिपासू सरदाराची बग्गी विचित्र झटक्यांनी, भरधाव पळवली आणि जंगलाचा भाग निगेटिव्हमध्येच दाखवला. झाडं पांढरी, आकाश काळं.

११. टीव्ही मालिकांमध्ये काय आहे?

‘द ट्वायलाइट झोन’चा ‘यू ड्राइव्ह’ हा भाग (३ जानेवारी १९६४) सगळ्यात आधी बघा. सायकलवरच्या पोराला उडवून पळून गेलेल्या माणसाला त्याचीच गाडी छळते. रात्री आपोआप दिवे लावते, हॉर्न वाजवते, शेवटी त्याच्या मागे लागते. तो रस्त्यात पडतो तेव्हा चाक अंगावर यायच्या आत थांबतं, दार उघडतं आणि गाडी त्याला पोलीस ठाण्यात नेऊन सोडते. जीव न घेताही गाडी भीतीदायक होऊ शकते, याचा हा उत्तम नमुना.

‘किलडोझर’ (१९७४) हा टीव्हीपट थिओडोर स्टर्जनच्या १९४४च्या कथेवर आहे. उल्केतली शक्ती बेटावरच्या बुलडोझरमध्ये शिरते. कल्पना दणकट, पण बुलडोझर इतका सावकाश चालतो की माणसं बाजूला का होत नाहीत हा प्रश्न सतत पडतो.

‘द इन्क्रेडिबल हल्क’ मालिकेच्या १९७८च्या एका भागात ‘ड्युएल’चीच दृश्यं पुन्हा वापरली आहेत, तेव्हा तो टँकर ओळखीचा वाटला असेल तर तुमचा डोळा बरोबर आहे. अलीकडची ‘नोसफेराटू’ (२०१९-२०), म्हणजे ‘एनओएस४ए२’, जो हिलच्या कादंबरीवर आहे. त्यातल्या चार्ली मॅन्क्सची १९३८ची रोल्स-रॉइस रेथ मुलांचं आयुष्य शोषून मालकाला तरुण ठेवते. जो हिल हा स्टीफन किंगचा मुलगा.

१२. आपल्याकडे अशी गाडी कुठे आहे?

हिंदीत ‘टारझन: द वंडर कार’ (२००४). मारला गेलेला बाप गाडीत येऊन सूड घेतो. गाडी दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइनने टोयोटा एमआर२वर बांधली होती. पण ती नायकाच्या बाजूची आहे. घाबरायचं ते खलनायकांनी, प्रेक्षकाने टाळ्या वाजवायच्या.

मराठी भुताखेतांच्या गोष्टींत भुताची जागा पिंपळ, विहीर, पडका वाडा किंवा घाटातलं वळण. गाडीवाला तिथे सापडतो, गाडी स्वतः झपाटलेली क्वचितच. जवळचं काही शोधायचं तर कोकणातली वेताळाची पालखी. अमावास्येच्या रात्री मशाली घेऊन भुतांचा लवाजमा निघतो, वाटेत सापडलेल्याने बाजूला व्हावं, असं सांगतात. स्वीडनच्या मृत्युरथाशी (प्रश्न १०) तिचं नातं जुळतं, आणि पडद्यावर ती कुणीतरी गांभीर्याने आणावी असं मला मनापासून वाटतं.

१३. खरंच शापित गाड्या होत्या का? जेम्स डीनच्या गाडीबद्दल ऐकलंय.

अभिनेता डीन ३० सप्टेंबर १९५५ रोजी कॅलिफोर्नियात पोर्श ५५० स्पायडर चालवताना अपघातात गेला, हे खरं. गाडीचा सांगाडा मिळवून तो गावोगाव प्रदर्शनात ठेवला जॉर्ज बॅरिसने, म्हणजे ‘द कार’ची गाडी बनवणाऱ्यानेच (प्रश्न ९). शापाच्या बहुतेक गोष्टी त्याच्याच सांगण्यातून पसरल्या आणि त्यांतल्या फार थोड्यांना आधार सापडतो. त्या गाडीचे काही भाग बसवलेल्या एका स्पर्धकाचा ऑक्टोबर १९५६मध्ये पोमोनाच्या शर्यतीत मृत्यू झाला, एवढी मात्र नोंद आहे.

ज्याच्या हत्येनंतर पहिलं महायुद्ध पेटलं त्या ऑस्ट्रियाच्या युवराज फर्डिनांडची साराजेव्होतली गाडी मालकामागून मालक मारत गेली, ही गोष्ट साफ खोटी. ती १९१४पासून व्हिएन्नाच्या सैनिकी इतिहास संग्रहालयात आहे.

१४. ‘फायनल डेस्टिनेशन २’मधला ओंडक्यांचा ट्रक यात येतो का? मी अजून अशा ट्रकमागे गाडी ठेवत नाही.

काटेकोरपणे नाही. २००३च्या या चित्रपटातला ट्रक दुष्ट नाही, चालकही निरपराध आहे. साखळी तुटते आणि लाकडं रस्त्यावर येतात. भीती आहे ती मालाची आणि अंतराची. गळीत हंगामात रात्री उसाच्या जोड ट्रॉलीमागून, मागचा दिवा नसताना, गाडी चालवलेल्या माणसाला ती लगेच कळते. अशा ट्रकमागे अंतर ठेवता ते उत्तमच, तसंच ठेवा.

१५. ‘मॅक्झिमम ओव्हरड्राइव्ह’मध्ये तर ट्रकच ट्रक आहेत, एकातही चालक नाही. मग भीती का वाटत नाही?

स्टीफन किंगने स्वतः दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट (१९८६). धूमकेतूमुळे यंत्रं बिथरतात, हे सुरुवातीलाच सांगून टाकलंय. कारण कळलं की निम्मं भय ओसरतं. शिवाय ट्रक डझनभर आहेत, आणि कळपातला एकेक ट्रक ओळखीचा होत नाही. लक्षात राहतो तो फक्त समोर हिरव्या राक्षसाचा मुखवटा लावलेला. चालक काढणं पुरेसं नाही, त्या जागी कुणाचा तरी हट्ट दिसावा लागतो. ‘ड्युएल’मधला टँकर एकाच माणसाच्या मागे लागतो म्हणून त्याचा हट्ट जाणवतो.

१६. तुम्ही म्हणता चेहरा नसला की भीती. मग ‘डेड ऑफ नाइट’मधल्या शववाहिनीवाल्याचा चेहरा तर स्पष्ट दिसतो!

बरोबर, आणि हा माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठा अपवाद आहे. १९४५च्या या ब्रिटिश चित्रपटात अपघातातून बरा होत असलेला शर्यतीचा चालक रात्री खिडकीचा पडदा सारतो, तर बाहेर लख्ख दिवस आणि खाली घोड्यांची शववाहिनी. गाडीवान वर बघून आर्जवाने म्हणतो, ‘आत एकाचीच जागा आहे, साहेब.’ काही दिवसांनी बस थांब्यावर बस येते, कंडक्टर वाकून तेच वाक्य म्हणतो, आणि चेहरा तोच. तो चढत नाही, आणि बस पुलावरून कोसळते.

इथे चेहरा दिसतो, पण त्यावर वैर नाही. नेहमीच्या ड्युटीवरच्या माणसाचं सौजन्य आहे. रस्त्यावर ज्या चेहऱ्यावर आपण डोळे मिटून भरवसा ठेवतो, नेमका तोच. ‘ड्युएल’मधला खिडकीबाहेर आलेला हातही असाच ‘या’ म्हणत होता (प्रश्न ३). मूळ कथा ई. एफ. बेन्सनची, १९०६ची. ‘द ट्वायलाइट झोन’ने तिच्यावरून १९६१मध्ये ‘ट्वेंटी टू’ हा भाग केला, त्यात बसऐवजी विमान आहे आणि बोलावणारी परिचारिका पुढे हवाईसुंदरी होऊन दारात उभी असते. दोन्ही पाहायचे असतील तर आधी १९४५चा पाहा. शववाहिनी बघायला तो पडदा सारतो त्याच्या जरा आधी घड्याळाकडे लक्ष ठेवा.